बेटावरची खोली

दिवाळी सरली की सेलूच्या जिनिंग मिलच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. खच्चून भरलेले टेम्पो त्यांच्या खालून जातात आणि काटे मूठमूठ रुई ओढून घेतात. लांबून वाटतं, झाड फुललंय. जवळ गेलं की धूळ, काटे आणि मळका कापूस. मी या गावात नांदायला आले तेव्हापासून हे बघते आहे, आणि मला ते आवडायचं. हवेत सरकीचा खवट वास, नरमलेलं ऊन, सकाळच्या पाण्याला आलेला गारवा. शाळेला निघताना मी मुद्दाम वाकडी वाट करून त्या रस्त्यानं एसटी स्टँड गाठायची. यंदा टेम्पो सुरू झाले तरी मी तिकडं फिरकलेली नाही. मागच्या हंगामात त्या रस्त्यावर इतक्या जणांनी थांबवून विचारलं, "मॅडम, मग कधी निघालाव कॅनडाला?" की आता बाजारालासुद्धा मागच्या गल्लीनं जाते.

माझा जन्म पालमचा. लग्नानं सेलूत आणलं, आणि जिल्हा परिषदेच्या बदल्यांनी बाकी सगळीकडं फिरवलं. जिथं शाळा मिळाली तिथं गेले, जिथं फळा होता तिथं शिकवलं. निवृत्त होईपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुम्हाला राहायला कुठं आवडेल. यात तक्रार नाही. माझ्या आईला नव्हतं विचारलं, सासूला नव्हतं विचारलं. हा प्रश्न बायकांना विचारायचा असतो हेच आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मागच्या वर्षी दसऱ्यानंतरच्या एका रविवारी माझ्या मुलानं, महेशनं, पुण्याहून व्हिडिओ कॉल करून तो विचारला, तेव्हा क्षणभर मला वाटलं तो त्याच्या वडिलांशीच बोलतोय.

त्याला कॅनडात नोकरी मिळाली होती. तो आणि आमची सून प्रणिता, दोघंही आनंदानं एकाच वेळी बोलत होते. शेवटी महेश म्हणाला, "आई, आप्पा, एक सांगा. आपण तिकडं शहरात राहावं का बेटावर? ऑफिस शहरात हाय, पण मला घरून काम करता येतं. बेट समोरच हाय, जहाजानं जायचं."

शहराचं नाव व्हँकुव्हर. बेटाचंही नाव तेच. पण शहर त्या बेटावर नाही, समोरच्या किनाऱ्यावर. माझे यजमान, ज्यांना सगळं सेलू आप्पा म्हणतं, मोबाईलच्या आणखी जवळ सरकले.

"म्हंजी परभणी जिल्हा हाय, पण परभणी त्यात न्हाई, असं?"

महेश इतका हसला की फोन हलला. आम्हीही हसलो. त्या दिवसाचं ते हसू अजून आठवतं, कारण घरात चौघं मिळून हसल्याला फार दिवस झाले होते.

चोहोबाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात. ही व्याख्या मी किती पिढ्यांकडून पाठ करून घेतली असेल. फळ्यावर निळ्या खडूनं पाणी काढायचं, मधे पिवळ्या खडूनं जमीन. समुद्र मात्र मी एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही पाठ समुद्राकडंच होती. पोरं मोजत मी उभी होते. एखादं कमी भरलं तर काय, ही धास्ती. लाटांचा आवाज तेवढा ऐकला.

महेशचा फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आवरत बसले. आमचं घर भरलेलं घर. दीर, जावा, नणंदा, त्यांची मुलं, येणारे जाणारे. मला जी खोली मिळाली ती मधली. पुढच्या बैठकीतून स्वयंपाकघरात जायचं तर तिच्यातूनच जावं लागतं. तिला दोन दारं आहेत, पण लावता येईल असं एकही नाही. त्या खोलीत मी बाळंतपणातून उठले, पेपर तपासले, तापात पडून राहिले, आणि कुणी ना कुणी अंगावरून ओलांडून जात राहिलं. आता दीर वेगळे झालेत, घर निम्मं रिकामं आहे, तरी कान तसेच राहिले आहेत. पावलं वाजली की पदर सावरतो.

त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात बेटावर एक खोली बांधली. खिडकी पाण्याकडं. दार आतून बंद होणारं. खिडकीशी खुर्ची. प्रणितानं फोनवर फोटो पाठवले होते, उंच काळपट हिरवी झाडं, लाकडी घरं, अंगणात आलेली हरणं. पाऊस लय असतो म्हणे तिकडं. पडू दे. आम्ही मराठवाड्याची माणसं, पावसाला नावं ठेवायची आमची ऐपत नाही.

आप्पांनी शहर धरलं.

त्यांचं मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर सरकी-पेंडीचं दुकान. ढोरांना पेंड घ्यायला आलेला शेतकरी आधी बाकड्यावर टेकतो, पाणी पितो, गावाकडची खबर देतो, मग भाव विचारतो. आप्पांचं सगळं आयुष्य त्या बाकड्यासमोर गेलं. माणूस दिसला नाही तर त्यांना जेवण जात नाही. त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. "पोरगं म्हणतंय शहर का बेट. तुमचं काय मत?" महिनाभरात दुकानाचे दोन पक्ष झाले. गंगाखेडहून येणारे एक पाहुणे म्हणाले, बेटावर दवाखाना लांब पडतो, छातीत कळ आली की जहाजाची वाट बघायची का? आप्पांना ते फार पटलं. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "आप्पा, जिथं आपला माणूस भेटंल तिथं राव्हावं. शहरात आपली लय लोकं असत्याल." तेही पटलं.

आणि मग घडत गेलं ते सगळं. आम्ही पासपोर्ट काढले. चौकशीला पोलीस घरी आला, चहा प्याला, म्हणाला, "मॅडम, तुमी मला चौथीला होत्या. जा खुशाल. इथं काय ठेवलंय." दिवाळी पाडव्याला दुकानातल्या वजनकाट्याची पूजा आप्पांनी पुतण्याच्या, संगमेशच्या हातून करवली. गादीवर त्याला बसवलं आणि स्वतः बाकड्यावर बसले. संगमेशच्या बायकोनं ओवाळलं. आप्पांनी मान वळवून रस्त्याकडं पाहिलं.

हे महेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं केलंत आप्पा. लय केलं आयुष्यभर. आता आराम करा."

यातला कुठला शब्द खोटा होता? एकही नाही. आजही ते वाक्य मी उलटसुलट करून बघते. ज्याला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं, एवढंच त्यातून निघतं.

कापसाची दुसरी वेचणी चालू होती तेव्हाची गोष्ट. रविवारचा कॉल. आप्पा सकाळपासून अस्वस्थ होते. अंघोळ, लिंगपूजा आटोपून कपाळाला भस्माचे पट्टे लावून ते फोनसमोर बसले आणि एकदम म्हणाले, "महेश, तिथं माती द्यायची सोय हाय का?"

महेशला कळलं नाही.

"आपल्या लिंगायतांत जाळीत न्हाईत. बसवून माती देतात. तिथं तशी जागा मिळंल का? शहरात मिळंल का बेटावर? ते बघूनच ठरवावं म्हणतो मी."

पडद्यावर प्रणिता महेशच्या बाजूला बसली होती. ती हळूच उठली आणि चौकटीतून बाहेर गेली. महेश म्हणाला, "आप्पा, काहीबी काय बोलायलाव! सकाळी सकाळी." मग त्यानं विचारलं, थंडी पडली का, गुडघा कसा आहे, आणि नेटवर्क जातंय म्हणून फोन ठेवला.

मला वाटलं, मरणाचं बोलले म्हणून पोरं घाबरली. मी आप्पांवर चिडले. त्यांना चांगल्या गोष्टीत माती कालवायची सवयच आहे, असं काहीसं बोलले. दुपारी मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ते समोर येऊन बसले, एक शेंग उचलून नुसतीच हातात फिरवत राहिले.

"बेटावर दिवसभर करशील काय तू?"

"चालेन. बसेन. कुठं निघालीस म्हणून कुणी विचारणार न्हाई."

"तुला माणसंच नको झाल्यात."

"झाल्यात. तुमच्या घरात आल्यापासून माणसंच बघायलेय मी. एक दार लावता आलं न्हाई मला."

ते शेंगेकडंच बघत म्हणाले, "महेश त्याच्या कामात राहील. सून तिच्या. मग तिथं कोण? तू अन् मी. आजूबाजूला पाणी. खरं सांगू का, तसं राहायचं म्हणलं की मला धडकी भरती."

"माझ्यासंगं?"

"तुझ्यासंगं. आपण दोघं बोललाव कधी? माणसं हायेत मधी म्हणून निभलं."

हे ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. पेंडीचा भाव सांगावा तसं सांगितलं. आणि मी, जिनं वर्गात कधी आवाज चढवला नाही, तितक्याच शांतपणे म्हणाले, "भिऊ नका. मी बघत असते ना ती बेटावरची खोली, तिच्यात खुर्ची एकच हाय."

त्यांनी हातातली शेंग सुपात ठेवली आणि उठून गेले.

संसारात काही गोष्टी न बोलल्यामुळं टिकतात. आम्ही त्या व्यवस्थित झाकून ठेवल्या होत्या, पाहुण्यांच्या, सणांच्या, पेंडीच्या पोत्यांच्या खाली. एका पोरानं सहज विचारलेल्या प्रश्नानं सगळं उकरून अंगणात आलं. तरीही मला तेव्हा वाटत होतं, असू दे. जागा बदलली की माणूसही बदलेल. पाण्याच्या काठावर दोघं म्हातारे न बोलता चालतायत, तेही काही वाईट दिसणार नाही. मनातल्या खोलीत मी दुसरी खुर्ची ठेवूनही बघितली. अडचण होत होती, पण मावली.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. पालमला माझ्या धाकट्या भावाचं, बसवराजचं शेत आहे. महेश आणि प्रणिता जायच्या आधीची शेवटची येळवस म्हणून पुण्याहून गाडी घेऊन आले, आम्हा दोघांना सेलूतून घेतलं आणि सगळे पालमला गेलो. गाडीत प्रणितानं माझा हात हातात घेतला होता. तिचा हात ऊबदार होता. मी ते खोटं म्हणणार नाही.

बसवराजनं कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, त्यांना शाल. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांच्या भज्जीची परात, बाजरीचे वाफवलेले उंडे, मडक्यातली ज्वारी-ताकाची आंबील. लोक वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात, असा तो दिवस. आप्पा खुश होते. शेजारच्या शेतातल्या लोकांना बोलावून बोलावून सांगत होते, "पुढच्या येळवशीला आमी न्हाई बरं का. परदेशात."

पंगत बसली. बसवराज आंबील वाढत होता. महेशच्या द्रोणात ओतता ओतता त्यानं विचारलं, "मग भाचे, काय ठरलं? शहर का बेट?"

"बेट. आमी बेटावर राहायचं ठरवलंय, मामा. घर बी बघून ठेवलं."

जिंकले होते मी. आयुष्यात एकदा विचारलं आणि माझ्या मनासारखं झालं. मी आप्पांकडं पाहिलं. ते खाली मान घालून उंडा कुस्करत होते. मला त्यांची कीवही आली, आणि आनंद इतका झाला की तो लपवायला मी पदर तोंडाला लावला.

बसवराज म्हणाला, "लय चांगलं. मग आई-आप्पाची खोली कोणत्या अंगाला? सूर्य दिसंल अशी द्या बाबा म्हाताऱ्यांना."

महेशचा हात द्रोणावर थांबला. त्यानं प्रणिताकडं पाहिलं. प्रणिता हसून म्हणाली, "मामा, येतील ना ते. उन्हाळ्यात येऊन जातील की. आमी तिकीट पाठवू."

येऊन जातील.

मी मराठी शिकवलंय. ऐकणाऱ्याला धरून बोललं तर 'आपण', सोडून बोललं तर 'आम्ही', हे पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून मी किती उदाहरणं द्यायची. 'आपण सहलीला जाऊ' म्हटलं की अख्खा वर्ग ओरडायचा. 'आम्ही सहलीला जाऊ' म्हटलं की हिरमुसायचा. दसऱ्याला महेश 'आपण' म्हणाला होता. आता 'आमी' म्हणाला, आणि माझ्या शिकलेल्या कानाला ते माझ्या भावानं खोलीचं विचारेपर्यंत ऐकू आलं नव्हतं.

आप्पांनी ताटातला हात बाहेर काढला. "येऊन जायाचं होतं तर आमाला कशाला इचारलंस रं, शहर का बेट?"

"आप्पा, तसं न्हाई…" महेशचा चेहरा लाल झाला होता. तो वाईट मुलगा नाही. खोटं बोलता येत नाही त्याला, म्हणूनच तो खरं बोलला. "तुमाला बरं वाटावं म्हणून विचारलं. तुमच्यावाचून काई ठरवलं असं वाटू नये म्हणून."

"मग दुकान सोडलं तर बरं केलं म्हणालास ते?"

"मला वाटलं, वयामुळं सोडलंत. गुडघा दुखतो म्हणून."

शेजारच्या शेतातून माणसं हाका मारत होती, आंबील प्यायला या म्हणून. प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "आई, तिथं नियम लय कडक हायेत, म्हाताऱ्या माणसांचं सगळं अवघड असतं. आमालाच अजून काई माहीत न्हाई." तेही खरंच असेल. त्या दिवशी सगळे खरंच बोलत होते. बसवराज हातात मडकं धरून तसाच उभा होता. शेवटी आप्पांनीच पुढं केलेला द्रोण पाहून त्यानं आंबील ओतली. आप्पा ती एका दमात प्याले आणि म्हणाले, "आंबट झाली."

पोरं माघात गेली. विमानतळावर आम्ही गेलो नाही. आप्पांचा गुडघा दुखतो असं सांगितलं.

गावाला काय सांगायचं हा प्रश्न मात्र राहिला. कुणी एकानं बाजारात आप्पांना विचारलं, अजून इथंच? आप्पा म्हणाले, "व्हिसा अडकलाय." त्यांनी मला विचारलं नव्हतं, पण घरी येऊन सांगितलं, आणि मीही तेच सांगायला लागले. एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून धरलेली ही एकच गोष्ट. आम्ही ती छान सांभाळतो. कुणी खोदून विचारलं तर आप्पा कागदपत्रांचं सांगतात, मी नव्या नियमांचं सांगते. कुठंही विसंगती येत नाही.

ते अजून रोज दुकानात जातात. संगमेश चांगला मुलगा आहे, काका आले की गादीवरून उठायला बघतो. ते उठू देत नाहीत. बाकड्यावर बसतात, गिऱ्हाईक आलं की सरकून जागा देतात. एकदा मी पेंड न्यायला गेले तेव्हा एक नवा शेतकरी त्यांनाच गिऱ्हाईक समजून म्हणाला, "बाबा, तुमचं आधी घ्या. मला घाई न्हाई." आप्पा म्हणाले, "मला बी न्हाई."

महेश दर रविवारी फोन करतो. खिडकीतून समुद्र दाखवतो. समुद्र राखाडी आहे, फोटोत होता तसा निळा नाही. मी छान म्हणते. उन्हाळ्यात तिकिटं काढू का म्हणून त्यानं दोनदा विचारलं, आप्पांनी गुडघा सांगितला. मी एकटी जाऊ शकले असते. पासपोर्ट कपाटात आहे. पण खिडकीशी माणूस बसतो ते स्वतःच्या खोलीत. पाहुण्यानं खुर्ची ओढून घेतली तर घरच्यांना वाटतं, काही कमी पडलं का.

या रविवारी महेशनं सांगितलं की ते बेट सोडतायत. प्रणिताला तिथं करमत नाही. सारखा पाऊस, दुपारीच अंधारून येतं, बोलायला कुणी नाही, जरा काही झालं की जहाज. पुढच्या महिन्यात शहरात जातील. घर ठरलंय. यावेळी त्यानं विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मला ते बरंच वाटलं.

संध्याकाळी मी आप्पांना भाकरी वाढत होते. ते अचानक ताठ बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर तजेला होता.

"म्हणलं न्हवतं? पहिल्या दिवसापासून म्हणायलो होतो मी, शहरच बरं म्हणून."

"बेट काय वाईट न्हाई," मी म्हणाले. "पोरीला राहता आलं न्हाई."

"दवाखान्याचं म्हणलं होतं. माणसांचं म्हणलं होतं. सगळं म्हणलं होतं."

"म्हणला होतात."

"मग? कोण बरोबर निघालं?"

"तुमी."

ते समाधानानं भाकरीचा तुकडा मोडायला गेले आणि थांबले. गावाच्या लेखी आम्ही अजून व्हिसाची वाट बघतोय. बाकड्यावर हे सांगितलं तर लोक विचारणार, पोरगं बेटावर राहून परत शहरात निघालं तरी तुमचा व्हिसा अजून कसा अडकलाय, आणि मग खरं सांगावं लागणार. ते त्यांच्या ध्यानात आलेलं मला दिसलं.

"आता हे सांगू कुणाला मी?" ते म्हणाले.

"मला सांगितलं की."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तुला सांगून काय उपेग," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.